मेंढीचा इलाज मी लेकीला केला

दिवाळी झाल्यावर मी आणि माझी धाकटी लेक वंदना, आम्ही दोघांनी मिळून मेंढरं कातरली. आजारपणाच्या आधीचं आमचं शेवटचं सरळ काम तेच. ती मेंढीचे पाय धरायची, मी कात्री चालवायचो. आदल्या सालापर्यंत पाय धरायला तिची आई असायची. कौसा, माझी बायको. ती पोळ्याच्या चार दिवस आधी काविळीनं गेली. लोकर वाढायची थांबत नाही, म्हणून आम्ही दोघं बसलो.

माझी नजर आता पहिल्यासारखी नाही. एका मेंढीच्या पाठीवर पट्टे राहिले. वंदना म्हणली, "बापू, ही मेंढी हाय का जिल्ह्याचा नकाशा? ह्यो जिंतूर, ती सेलू, मधून नदी बी काढलीत." तिची पोरगी ईश्वरी, आठ वर्षांची, लोकर गोळा करत होती. ती हसता हसता लोकरीच्या ढिगात बसली.

दुसऱ्या दिवशी वंदना उठली नाही.

तुमच्या घरात कोणी असं उठेनासं झालं असेल तर हे तुमच्यासाठी आहे. मी चौथी शिकलेला मेंढपाळ. गोड लिहिता येत नाही. वंदना आज आहे, तिची शिलाई मशीन चालू आहे, हे आधीच सांगून टाकतो. उगं जीव टांगणीला ठेवू नका. पण मधे मी एक चूक केली आणि त्या चुकीपायी ईश्वरीला आई राहिली नसती. ती चूक तुम्ही करू नका.

वंदना एकटीनं लेकरू वाढवते. जावई ऊसतोडीला गेला आणि तिकडंच दुसरं घर करून बसला. वंदना दोन वर्षांची पोरगी कडेवर घेऊन आमच्याकडं आली. मी म्हणलं, "गेला तर गेला, एक खाणारं तोंड कमी झालं." कौसा म्हणली, "तुमचं तोंड आधी बंद ठेवा." मग आमच्या घराला लागून एक खोली काढली. वंदना ब्लाउज शिवायला लागली. हात चांगला, जीभ त्याहून चांगली. गिऱ्हाईक वाढलं.

कौसाच्या आजारात तिचं सगळं वंदनानंच केलं. अंथरुणातलं, दवाखान्यातलं, नंतर पाहुण्यांचं. दहाव्याला सगळे रडत होते आणि वंदना चहा गाळत होती. लोक म्हणले, लय खंबीर पोरगी. मीपण म्हणलं. जी रडली नाही तिच्याकडं तेव्हा कुणीच नीट बघितलं नाही.

उठली नाही म्हणजे काय, ते सांगतो. भिंतीकडं तोंड करून पडायची. हाक मारली की "हूं". ताटातली भाकर वाळून जायची. अंघोळ नाही, केसांत फणी नाही. मशीनवर एका नवरीच्या पाच ब्लाउजांची कापडं पडून होती. नवरीची आई दारात येऊन म्हणली, "काय गं वंदे, पोरीच्या लेकराचं बारसं व्हायच्या आत तरी देशील का?" पहिली वंदना असती तर तिनं त्या बाईला पाणी पाजलं असतं. ह्या वंदनानं कापडांची घडी घातली, तिच्या हातात दिली आणि पुन्हा जाऊन पडली. ईश्वरी स्वतःच्या वेण्या स्वतः घालून शाळेत जायला लागली. एक वेणी कानाच्या वर, एक खाली.

मी आधी तिला पोखर्णीला नरसिंहाच्या पायावर घातलं. देवावर माझा राग नाही. पण दर्शनाच्या रांगेत ती दोन वेळा मटकन खाली बसली. तेव्हाच कळायला पाहिजे होतं की आधी दवाखान्याची रांग धरायची.

जिंतूरच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. हिमोग्लोबिन, म्हणजे रक्तातली लाली, थोडी कमी. थायरॉईड, म्हणजे गळ्यातल्या ग्रंथीचं काम, ठीक. त्यांनी चिठ्ठी लिहिली: परभणी, मानसोपचार विभाग. मी ती दोनदा वाचली.

"माझी लेक येडी न्हाई."

"काका, मी तसं कुठं लिहिलंय?" डॉक्टर म्हणले. "दाखवा बरं."

परभणीला बाकड्यावर तीन तास बसलो. मला वाटलं होतं तिथं लोक आरडाओरडा करत असतील. एक मास्तर पेपर वाचत होते. एक बाई लोकरीचं विणत होती. ओळखीचं कुणी बघू नये म्हणून मी तोंडावर उपरणं घेतलं होतं. समोर एकजण तसाच रुमाल बांधून बसलेला. तो माझ्याच गावचा होता. दोघांनीही ओळख दाखवली नाही. आता आम्ही एकाच एसटीनं जातो.

डॉक्टरीणबाई वंदनाच्याच वयाच्या. अर्धा तास बोलल्या. मग मला म्हणल्या, "बाबा, हे डिप्रेशन आहे. सिव्हिअर, म्हणजे जोराचं." डिप्रेशन म्हणजे मनाचा आजार. झोप बिघडते, भूक जाते, अंगातली ताकद जाते, कशातच गोडी राहत नाही. आपण कुचकामी, आपला सगळ्यांना भार, असंच डोक्यात फिरत राहतं. दोन आठवड्यांच्या वर असं राहिलं तर दाखवायचं, त्या म्हणल्या. आमचा महिना होत आला होता.

मी म्हणलं, "पण तिला कमी काय हाय? घर हाय, काम हाय, मी हाय. आळस चढलाय नुसता."

"बाबा, तुम्ही काय करता?"

"मेंढरं."

"मेंढी हिरव्या गवतात उभी आहे आणि खात नाही. तुम्ही तिला काय म्हणता?"

"बिमार हाय म्हणतो."

"आळशी म्हणत नाही?"

"न्हाई."

"मग लेकीला का म्हणता?"

हे मला पटलं. पटलं ते जरा जास्तच पटलं, तिथंच घात झाला.

अँटिडिप्रेसंट, म्हणजे ह्या आजारावरची गोळी, लिहून दिली. ती नशेची नाही. गुण यायला दोन-तीन आठवडे लागतात, तोवर धीर धरायचा, मनानं बंद करायची नाही. आठ दिवसांनी पुन्हा बोलावलं.

माघारी येताना एसटीत मी विचार केला. मेंढी बिमार पडली तर आपण काय करतो? पाजती मेंढी खंगली की आम्ही तिचं कोकरू तोडतो. तोडतो म्हणजे तिच्यापासून वेगळं बांधतो, दुसऱ्या मेंढीला लावतो. कोकरू अंगावर ओढतं म्हणून ती वाळत जाते. दोन-चार दिवस दोघं ओरडतात, मग गप होतात, मेंढी चरायला लागते. पन्नास वर्षांत हा इलाज फसला नव्हता.

दुसऱ्याच दिवशी मी ईश्वरीला माझ्या थोरल्या लेकीकडं नेलं. ती लता, देवगाव फाट्याला राहते. मी पिशवी भरत होतो ते वंदना बघत होती. मी म्हणलं, "तुला बरं वाटस्तोवर लताकडं राहू दे हिला." ती काहीच बोलली नाही. नाही म्हणली नाही म्हणजे हो म्हणली, असं मी धरलं. मेंढी तरी ओरडते.

एसटीत ईश्वरीनं विचारलं, "आजा, आईला सकाळी कोण उठवणार?"

"मी उठवतो की."

"तुमाला येत न्हाई. पायाच्या अंगठ्याला गुदगुल्या कराव्या लागत्यात."

लताला मी सांगितलं की वंदनाला टायफॉइड झालाय. खरं सांगायची लाज वाटली.

मी गोळी वेळेवर दिली. पेज करून दिली. सहाव्या दिवशी दिवेलागणीला वंदना आपणहून बोलली. "बापू, ईश्वरीला ताईकडं नेलं ते बरं केलं. आता मी नसले तरी तिचं भागल."

मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू. महिनाभर "हूं" ऐकलेल्या माणसाला दोन पूर्ण वाक्यं ऐकू आली. मला वाटलं मेंढी चरायला लागली.

आठव्या दिवशी परभणीला मी ते डॉक्टरीणबाईंना शाबासकी मिळेल म्हणून सांगितलं. शब्दाला शब्द सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. मला बाहेर बसायला लावलं. वीस मिनिटांनी आत बोलावलं तेव्हा वंदनाचे डोळे ओले होते. आई गेल्यापासून पहिल्यांदा.

"बाबा, हिच्या मनात मरणाचे विचार आहेत," डॉक्टरीणबाई म्हणल्या. "मी सरळ विचारलं, तिनं सरळ सांगितलं. आजच अ‍ॅडमिट करू."

मी म्हणलं, "असं तोंडावर विचारल्यानं डोक्यात भरत न्हाई का?"

"नाही भरत. विचारलं की माणसाला सांगायला वाट मिळते." मग म्हणल्या, "हिची मुलगी कुठंय?"

मी कोकराचा इलाज सगळा सांगितला. त्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणल्या, "बाबा, मेंढी मी तुम्हाला आजार कळावा म्हणून सांगितली. इलाज मी सांगणार होते."

वंदना खाली बघूनच म्हणली, "मला वाटलं तुमी आन ताईनं मिळून ठरवलं. मी आई मनून बाद झाले."

मी बाहेर येऊन लताला फोन लावला, खरं काय ते सांगितलं आणि ईश्वरीला घेऊन ये म्हणलं.

ती बारा दिवस वॉर्डात होती. दुसऱ्या दिवशी लता ईश्वरीला घेऊन आली. व्हरांड्यात मला बघितल्याबरोबर म्हणली, "टायफॉइड, बापू? टायफॉइड? बहीण माझी हाय का तुमच्या कळपातली?" लता वंदनाजवळ राहिली. तिच्या मालकानं बारा दिवस घर बघितलं, कुरकुर केली नाही. त्या दोघांचे उपकार मी विसरणार नाही.

डॉक्टरीणबाईंनी मला एकच काम सांगितलं. घरातली फवारणीची औषधं बाहेर काढा. मी त्याच दिवशी गावी जाऊन सगळ्या बाटल्या पुतण्याच्या कुलुपात नेऊन ठेवल्या. तुमच्या घरी कोणी असं असेल तर हे आज करा. उद्यावर टाकू नका. आणि लेकराला तोडू नका. लेकराचा भार होत असेल तर भार तुम्ही उचला, लेकरू आईच्या नजरेसमोर राहू द्या.

दुपारी एक तास दोघींची भेट व्हायची. वॉर्डाबाहेर झाडाखाली. पहिले तीन दिवस वंदना नुसती बसायची, ईश्वरी तिचे केस विंचरायची. गुंता एवढा की पोरगी घामाघूम व्हायची. चौथ्या दिवशी वंदना म्हणली, "दे ती फणी. टक्कल पाडतीस का मला?" लता तोंड फिरवून रडली.

गोळीसोबत कौन्सिलिंग सुरू झालं. कौन्सिलिंग म्हणजे बोलून इलाज. तिथल्या ताईंनी तिला सेल्फ केअर शिकवलं, म्हणजे स्वतःची निगा. मी ऐकून मनात हसलो. निगा मेंढरांची राखायची असते. स्वतःची कोण राखतं? आमच्यात बाई सगळ्यांना वाढून झाल्यावर टोपल्यात उरलं ते खाते, तिला चांगली बाई म्हणतात. कौसा तशीच खायची. चाळीस वर्षं मी ते बघितलं आणि कधी टोपल्यात काय उरलं ते वाकून बघितलं नाही.

घरी आल्यावर वंदनानं निगा सुरू केली. सकाळी ठरल्या वेळी उठायचं, मन असो नसो. अंघोळ, फणी. गोळी. ओढ्यापर्यंत चालून यायचं. सगळ्यांबरोबर बसून गरम जेवायचं. दिवसाला दोनच ब्लाउज. दुपारी अर्धा तास दार लोटून एकटीनं चहा प्यायचा, तेव्हा कुणी हाक मारायची नाही, मीसुद्धा. ज्या दिवशी उठवत नसे त्या दिवशी नुसतं तोंड धुवायची आणि म्हणायची, "आज एवढंच. पण एवढं झालं."

मी तिसरं ब्लाउज परत जाताना बघून चिडलो. "गिऱ्हाईक तोडायलीस तू."

"बापू, मी मोडले तर गिऱ्हाईक काय तुमच्याकडून शिवून घेणार हाय? नकाशा काढून द्याल."

त्याच नवरीची आई एकदा बोरिंगवर म्हणली, "परभणीला आराम करायला गेलतीस मनं." वंदना म्हणली, "हो मावशी, खाट लय चांगली होती. तुमच्यासाठी जागा धरून ठेवू का?" आठ दिवसांनी ती बाई गुपचूप आली. ब्लाउजासाठी नाही. तिच्या सुनेला झोप लागत नव्हती, डॉक्टरीणबाई कोणत्या वारी बसतात ते विचारायला.

पण मला भरवसा नव्हता. वॉर्डातून सुटल्यावर ईश्वरी पुन्हा लताकडंच गेली होती. लता म्हणली, शाळेचं साल इकडंच काढू दे. मी लगेच हो म्हणलं. वंदना शनिवारी जाऊन तिला भेटायची. मी रोज तिच्या गोळ्या मोजायचो. ती ओढ्याकडं चालायला निघाली की काठी घेऊन वीस पावलं मागं चालायचो. ती वळून म्हणायची, "बापू, हाळी तरी द्या. मुक्यानं कुणी हाकतं का?"

महाशिवरात्रीनंतरच्या तपासणीला ती डॉक्टरीणबाईंना म्हणली, "माझी पोरगी मला घरी पाहिजे."

मी म्हणलं, "वरीसभर थांबू. आजार उलटला तर लेकरानं काय करावं?"

डॉक्टरीणबाई म्हणल्या, "बाबांचा प्रश्न बरोबर आहे. वंदना, तू उत्तर दे."

तिनं दिलं. उभं राहून दिलं. "मी ईश्वरीला सांगितलंय की माझं मन बिमार पडतं. तिच्या चुकीनं न्हाई, आन तिनं बरं करायचं न्हाई. झोप तीन दिवस उडली की मी समजते गडबड हाय. मग मी ताईला फोन करीन. ताई येईल. पोरगी कुठंच जाणार न्हाई, ताई येईल. शाळेतल्या बाईंना मी खरं सांगून ठेवलंय. गोळी मी स्वतः बंद करणार न्हाई." मग माझ्याकडं बघून म्हणली, "आन मरणाचा विचार आला तर मी बोलून दाखवीन. तुमाला कळंल असं बोलीन, बापू."

डॉक्टरीणबाई म्हणल्या, "हे मला लिहून दे. बाकीच्यांना दाखवते."

त्यानंतर दोन वर्षं झाली. डोस, म्हणजे गोळीचं प्रमाण, आता कमी केलंय. मधे एकदा वाईट आठवडा आला. तिसऱ्या दिवशी तिनंच लताला फोन केला, लता आली, आठवडा गेला. आजार मुळासकट गेला का, ते मला माहीत नाही. तो आला तर काय करायचं ते ह्या घरात सगळ्यांना माहीत आहे, ईश्वरीला सुद्धा. मला एवढं पुरतं. डॉक्टरीणबाईंचे, त्या कौन्सिलिंगच्या ताईंचे पाय धरावेत असं वाटतं, पण त्या धरू देत नाहीत.

आता राहिलं ते माझं.

महाशिवरात्रीनंतरच्या त्या तपासणीला चार दिवस झाले आणि वंदना एकटी एसटीनं देवगाव फाट्याला गेली आणि ईश्वरीला दप्तरासकट घेऊन आली. दोघींनी मिळून स्वयंपाक केला. जेवायला बसलो तेव्हा उजेड होता. वंदना म्हणली, "बापू, ज्वाऱ्या निघाल्या. रानं मोकळी झाली. चुलत्याचा कळप परवाच गेला. तुमी कामून बसलाव?"

ज्वारी निघाली की आम्ही मेंढरं घेऊन लांब रानात जातो, पाऊस येईस्तोवर. लोकांच्या शेतात मेंढरं बसवतो. हे दरसालचं आहे. त्या साली मी तोवर घरीच होतो.

"तुझ्यासाठी बसलोय," मी म्हणलं.

"न्हाई. आईबिगर जायचं तुमच्यानं होईना. मी निमित्त झाले." तिनं माझ्या ताटाकडं बघितलं. "सहा महिने झाले, तुमी अर्धी भाकर टाकून उठायलाव. रानात आई चूल मांडायची. आता कोण मांडणार मनून तुमी माझ्यावर पहारा करायलाव."

मी म्हणलं, "तुला काय झालं तर?"

"सांगितलंय की काय करीन ते. तुमच्या पहाऱ्यानं मी बरी झाले न्हाई. मला एक लेकरू संभाळायचं हाय, बापू. दोन न्हाई."

ईश्वरी म्हणली, "आजा, मी बी हाय की इथं."

त्या पोरीचं घर तिच्या आईच्या जिवावर चालणार, हे कबूल करायचं तर मला उठून जावं लागणार होतं. बसून राहिलो असतो तर कितीही तोंडानं हो म्हणलो असतो, त्याला अर्थ नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मेंढरं सोडली. तवा, पीठ, मीठ, तिखट घोंगडीत बांधून घेतलं. वंदना मशीनवर बसली होती, ईश्वरी तिच्यापुढं वेणी घालून घेत होती. मी गोळ्या मोजल्या नाहीत. "येतो," म्हणलं आणि भावाच्या कळपाच्या वाटेला लागलो. दुपारी एका बाभळीखाली थांबून तीन दगड मांडले, काटक्या गोळा केल्या आणि जन्मात पहिल्यांदा भाकर थापली. तिला आकार नव्हता. एका अंगानं करपली, दुसऱ्या अंगानं कच्ची राहिली. मी खाली बसून ती सगळी खाल्ली. मग दुसरी थापली.